ब्रेक लाइट लागत नाही? बल्ब बदलायच्या आधी हे ऐका

(ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलले तसंच जवळपास ठेवलंय, फक्त अधूनमधूनचे 'म्हणजे' आणि 'काय होतं ना' कापलेत. डिकीत डोकं घालून पॉडकास्ट ऐकता येत नाही, अशी तुमच्यापैकी काहींची तक्रार होती. त्यांच्यासाठी खास.)

आज प्रस्तावना नाही, कारण एक व्हॉइस मेसेज आलाय आणि त्यात अख्खा एपिसोड दडलाय. मेसेज चिपळूणचा आहे. मुलगा सांगतो:

"ताई, माझ्याकडे सेकंड हँड गाडी आहे, अठरा वर्षं जुनी. डाव्या बाजूचा ब्रेक लाइट लागत नाही. दोनदा बल्ब बदलला. मग गॅरेजवाल्याने होल्डर बदलून दिला. चार दिवस लागला, परत बंद. आणि एक गंमत सांगतो, ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मंद पेटतो! आईला दर पंधरा दिवसांनी कराडला दवाखान्यात न्यावं लागतं. पहाटे निघतो, कुंभार्ली घाटात धुकं असतं, मागे ट्रक असतात. काय करू?"

गाडीचं मॉडेल त्याने सांगितलंय, पण मी मुद्दाम सांगत नाही. हा रोग कुठल्याही एका कंपनीचा नाही, वयाचा आहे. मारुती ८००, झेन, सँट्रो, इंडिका, जुनी सिटी, काहीही असू दे, मागच्या लाइटचं गणित थोड्याफार फरकाने सारखंच असतं.

आणि ज्याला तो 'गंमत' म्हणतोय ना, तेच खरं उत्तर आहे. इंडिकेटर मंद पेटतो, हे त्याने गॅरेजमध्ये सांगितलंच नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, "ते वेगळं काहीतरी असेल असं वाटलं." ते वेगळं नाहीये. पण तिथे पोचायला आधी दोन-तीन गोष्टी बघाव्या लागतील. थोडा धीर धरा.

आपल्याला कधीच न दिसणारा लाइट

हेडलाइट गेला तर आपल्याला लगेच कळतं, समोर अंधार होतो. ब्रेक लाइट गेला तर आपल्याला काहीच कळत नाही. तो फक्त मागच्याला दिसतो. त्यामुळे लोक महिनोन् महिने एका लाइटवर गाडी चालवतात आणि त्यांना पत्ताही नसतो.

ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात साधारण १६-१७ मीटर जाते. तुमच्या मागच्या ड्रायव्हरला तुमचा पाय दिसत नाही, पेडल दिसत नाही. तुम्ही थांबताय हे त्याला सांगणारी एकच वस्तू आहे, तो लाल दिवा. तो नसेल तर 'गाडी जवळ येतेय' हे त्याच्या डोळ्यांना कळेपर्यंत ते १६-१७ मीटर संपलेले असतात. धुक्यात तर बोलायलाच नको.

शिवाय कायद्याचं आहेच. गाडीला १५ वर्षं झाली की रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण करावं लागतं, आपण ज्याला परत पासिंग म्हणतो ते. तिथे लाइट तपासतात. पण मी तुम्हाला आरटीओची भीती घालायला बसलेले नाही, ट्रकची घालतेय.

आधी फोन काढा

एकट्या माणसाने ब्रेक लाइट कसा बघायचा? जुनी युक्ती म्हणजे रात्री गाडी भिंतीकडे किंवा दुकानाच्या शटरकडे पाठ करून लावायची आणि आरशात लाल उजेड बघायचा. ती चालते. पण तुमच्याकडे फोन आहे. गाडीच्या मागे सात-आठ फुटांवर पालथी बादली ठेवा, तिला फोन टेकवा, व्हिडिओ सुरू करा. मागच्या सगळ्या दिव्यांचा चेहरा एका फ्रेममध्ये यायला हवा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद.

मग सीटवर बसून आधी नुसता ब्रेक दाबा. सोडा. मग पार्किंग लाइट लावा आणि परत ब्रेक दाबा. मग पार्किंग बंद करून डावा इंडिकेटर आणि ब्रेक एकदम, मग उजवा आणि ब्रेक. प्रत्येक वेळी मोठ्याने बोला, "आता ब्रेक", "आता डावा". व्हिडिओत आवाज येतो, म्हणजे नंतर गोंधळ होत नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत चावी न लावताही ब्रेक लाइट लागतो, काहींत चावी फिरवावी लागते. इंडिकेटरसाठी तर फिरवावीच लागेल.

आता व्हिडिओ बघताना 'लागतो की नाही' एवढंच बघू नका. डावा आणि उजवा सारखे आहेत का, ब्रेक दाबल्यावर दुसरं काही पेटतंय का, आधीच पेटलेलं काही मंद होतंय का, हे बघा. अर्ध्या मिनिटाचा तो व्हिडिओ गॅरेजमधल्या अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा उपयोगी आहे.

वीज जाते कुठून

रस्ता अगदी साधा आहे. बॅटरीतून वीज निघते, फ्यूजमधून जाते, ब्रेक पेडलपाशी असलेल्या छोट्या स्विचमधून जाते, मग एक वायर गाडीच्या पोटातून मागे जाते आणि बल्बमध्ये शिरते. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. विसरतात ते पुढचं. बल्बमधून वीज बाहेर पडून परत बॅटरीला पोचावी लागते. ती परतते गाडीच्या पत्र्यातून. होल्डरपासून एक छोटी वायर पत्र्याला बोल्टने कसलेली असते आणि पत्रा बॅटरीच्या मायनसला जोडलेला असतो. या परतीच्या वाटेला गॅरेजच्या भाषेत 'अर्थ' म्हणतात.

म्हणजे एसटी गावात पोचली, पण परतीचा रस्ता दरड कोसळून बंद असेल तर फेरी पूर्ण होत नाही. बल्बचंही तसंच.

आता तुमच्या व्हिडिओत काय दिसलं त्यावरून पुढे जाऊ.

दोन्ही बंद असतील तर

दोन्ही बल्ब एकाच दिवशी उडणं शक्य आहे, पण कठीण. बहुतेक वेळा दोघांचा सामाईक रस्ताच कुठेतरी तुटलेला असतो. फ्यूज किंवा स्विच.

फ्यूज आधी, कारण सगळ्यात सोपा. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो, त्यात 'स्टॉप' लिहिलेला शोधा. काही गाड्यांत हॉर्न आणि ब्रेक लाइट एकाच फ्यूजवर असतात, तेव्हा हॉर्नही वाजत नसेल तर शोधाशोध संपलीच. उडालेल्या फ्यूजच्या जागी त्याच नंबरचा टाका. १० चा असेल तर १०, १५ चा असेल तर १५. सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार लावून 'जुगाड' करणारे मी पाहिलेत. फ्यूजचं काम वायर जळायच्या आधी स्वतः जळणं हे आहे. तार लावली की तो मान वायरिंगला मिळतो. नवा फ्यूज ब्रेक दाबल्याबरोबर परत उडाला तर तिसरा टाकू नका. कुठेतरी वायर पत्र्याला चिकटली आहे, आणि ते शोधणं हे ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम.

फ्यूज चांगला असेल तर स्विच. स्टिअरिंगखाली टॉर्च घेऊन वाका. ब्रेक पेडलचा दांडा वर जिथे जातो, तिथे बोटभर लांबीचा एक स्विच असतो, त्याला एक आत-बाहेर होणारी दांडी असते. इथे एक उलटी गोष्ट आहे: तुम्ही ब्रेक दाबता तेव्हा हा स्विच दाबला जात नाही, सुटतो. पाय वर असताना पेडल त्याची दांडी दाबून ठेवतं आणि लाइट बंद राहतो. पाय खाली गेला की दांडी बाहेर येते आणि लाइट लागतो. हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं होतं.

स्विचला दोनच वायर असतील तर कनेक्टर काढून त्याच्या दोन टोकांमध्ये वायरचा छोटा तुकडा क्षणभर जोडून बघा. लाइट लागले तर स्विच गेलाय, बाकी सगळं ठीक. तो तुकडा पत्र्याला लागू द्यायचा नाही. आणि चार वायर दिसल्या तर हा प्रयोग करायचाच नाही, त्या गाडीत त्या स्विचवर आणखीही काही अवलंबून असतं.

तिसरा लाइट, म्हणजे मागच्या काचेतला वरचा, तुमच्या गाडीला असेल तर तो इथे फार कामाचा आहे. वरचा लागतो आणि खालचे दोन्ही नाहीत, म्हणजे फ्यूज आणि स्विच चांगले आहेत, शोध मागेच घ्यायचा. अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून कारना हा तिसरा लाइट सक्तीचा झाला. सुरुवातीला लोकांना वाटलं की मागून होणाऱ्या धडका निम्म्याने कमी होतील. तिथल्या सरकारी संस्थेने १९९८ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा सवय झाल्यावर उरलेला फायदा ४ टक्क्यांच्या आसपास निघाला. चार टक्के कमी वाटतात, पण एका बल्बच्या किमतीत मिळालेले आहेत. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या गाड्यांना तो नसतोच, म्हणून खालचे दोन जास्त मोलाचे.

आणि लाइट बंदच होत नसेल तर?

याच्याकडे कोणी तक्रार म्हणून बघत नाही, सकाळी गाडी सुरू होईपर्यंत. पेडलच्या दांड्यावर जिथे स्विचची दांडी टेकते, तिथे कित्येक गाड्यांत रबराचं किंवा प्लास्टिकचं बटण बसवलेलं असतं. पंधरा-वीस वर्षांनी ते ठिसूळ होतं, त्याचे तुकडे होऊन पायपुसण्यावर पडतात. मागे उरतं भोक. स्विचची दांडी त्या भोकातून आरपार जाते, स्विचला वाटतं पाय ब्रेकवर आहे, आणि लाइट चालूच.

हिशेब करा. २१ वॅटचे दोन बल्ब, म्हणजे ४२ वॅट. १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. रात्री नऊला गाडी लावली तर सकाळी सातला बॅटरी संपली. लोक मग नवी बॅटरी घेतात, तीही दुसऱ्या दिवशी बसते, आणि बॅटरीवाल्याशी भांडण. पायपुसण्यावर ठिसूळ प्लास्टिकचे निळे-हिरवे-पांढरे कपचे दिसले की फेकून देऊ नका, आधी वर बघा. ते बटण अगदी किरकोळ किमतीत मिळतं.

काही गाड्यांत स्विचला आटे आणि लॉक नट असतो, तो पुढे-मागे करता येतो. तिथे एक सावधगिरी: लाइट बंद व्हावा म्हणून स्विच पेडलवर फार दाबून बसवू नका. पेडल पूर्ण वर येऊ शकलं नाही तर ब्रेक किंचित लागलेलेच राहतात, चाकं तापतात. पेडल अगदी थोडं हललं की लाइट लागायला हवा आणि पेडल मोकळं वर यायला हवं. दोन्ही एकदम जमलं तरच सेटिंग बरोबर.

एकच बंद असेल तर

आता बल्बकडे येऊ. मागच्या लाल दिव्यात बहुतेक जुन्या गाड्यांत 'डबल कॉन्टॅक्ट' बल्ब असतो. एका काचेत दोन तारा: ५ वॅटची पार्किंगसाठी, २१ वॅटची ब्रेकसाठी. त्यामुळे 'पार्किंग लाइट लागतोय म्हणजे बल्ब चांगला आहे' हे चूक. दोन तारांपैकी एकच तुटलेली असू शकते.

बल्ब आत दाबून डावीकडे फिरवला की निघतो. उजेडाकडे धरून बघा. तार तुटलेली दिसते, किंवा काच आतून काळी पडलेली असते. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे डाव्याचा बल्ब उजव्यात आणि उजव्याचा डाव्यात घालणं. दोष बल्बाबरोबर पलीकडे गेला तर बल्ब खराब. दोष जागच्या जागी राहिला तर बल्ब निर्दोष, नवा आणून पैसे घालवू नका. फुकटची परीक्षा आहे ही, आणि आपल्या चिपळूणच्या मित्राने केली असती तर दोन बल्बचे पैसे वाचले असते.

या बल्बच्या दोन बाजूंच्या पिना मुद्दाम वर-खाली असतात, म्हणजे तो एकाच दिशेने बसावा. सैल झालेल्या होल्डरमध्ये जोर लावला तर तो उलटाही बसतो. मग पार्किंगला झगझगीत आणि ब्रेक दाबला तर काही फरकच नाही, असं होतं. रस्त्यात अशा गाड्या दिसतात. पुढच्याचा ब्रेक लाइट सतत चालू आहे असं वाटतं, प्रत्यक्षात बल्ब उलटा असतो.

होल्डरमध्ये तळाशी दोन टोकं असतात, त्यांच्यावर हिरवट-पांढरा थर धरलेला असला तर पॉलिश पेपरच्या छोट्या तुकड्याने साफ करा. फ्यूज काढून मगच.

आता ती गंमत

बल्ब चांगला, होल्डर नवा, तरी डावा ब्रेक लाइट नाही. आणि ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मंद पेटतो. इंडिकेटरची वायर तर पूर्ण वेगळी आहे, मग त्याच्यात वीज आली कुठून?

मागच्या डाव्या डब्यात तीन-चार बल्ब असतात: ब्रेक-पार्किंग, इंडिकेटर, रिव्हर्स. प्रत्येकाची येणारी वायर वेगळी, पण परतीची, म्हणजे अर्थ, सगळ्यांची एकच. ही एक वायर जर गंजून तुटली तर ब्रेकची वीज बल्बपर्यंत येते, बल्बमधून बाहेर पडते, आणि बघते तर परतीचा रस्ता बंद. पण शेजारी इंडिकेटरचा बल्ब आहे. ती त्याच्यात उलट्या बाजूने शिरते, इंडिकेटरच्या वायरने पुढे पळते, पुढच्या इंडिकेटरच्या बल्बमधून जाते, आणि तिथली अर्थ चांगली असल्याने तिथून बॅटरीला पोचते. वाटेत एकाऐवजी दोन-तीन बल्ब पार करावे लागल्याने कोणालाच पुरेशी वीज मिळत नाही. सगळे मंद. ब्रेकचा बल्ब इतका मंद की दिवसा बंदच वाटतो. त्या मुलाने रात्री अंधारात बघितलं तेव्हा त्याला डब्यात लालसर निखारा दिसला.

हीच वीज कधी पार्किंगच्या तारेतून पळते, आणि मग ब्रेक दाबला की डॅशबोर्डचा उजेड किंवा नंबर प्लेटचा दिवा लुकलुकतो. चित्रं वेगवेगळी, कारण एकच. म्हणून माझा एक पक्का नियम आहे: ब्रेक दाबल्यावर ज्याचा ब्रेकशी संबंध नाही असं काही पेटलं किंवा मंद झालं, तर बल्बला हात लावायचा नाही. आधी अर्थ बघायची.

खात्री कशी करायची? दीड-दोन फूट वायर घ्या. एक टोक होल्डरच्या अर्थच्या टोकाला लावा, दुसरं गाडीच्या स्वच्छ, रंग नसलेल्या धातूला, एखाद्या बोल्टला. कोणालातरी ब्रेक दाबायला सांगा. कोणी नसेल तर सीट आणि पेडलच्या मध्ये छत्री अडकवा. लाइट भक्कन लागला आणि इंडिकेटर विझला, तर निदान झालं. अर्थची वायर काळी किंवा तपकिरी असते बहुतेक, पण जुन्या गाडीत कोणी कुठल्या रंगाची वायर जोडली असेल त्याचा भरवसा नाही. बल्बच्या धातूच्या अंगाला जी टेकते, ती अर्थ.

मल्टिमीटर असेल तर आणखी छान. साधा मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांत येतो. पण इथे एक फसगत आहे, ती सांगतेच. पुष्कळ जण बल्ब काढतात, होल्डरमध्ये मीटर लावतात, १२ व्होल्ट दाखवतो, आणि म्हणतात "वायरिंग ठीक आहे". मीटर स्वतः जवळजवळ काहीच वीज घेत नाही. वायरच्या वीस तारांपैकी एकच उरली असली तरी तो १२ च दाखवेल. बल्बला पावणेदोन अँपिअर लागतात, ते त्या एका तारेतून जात नाहीत. म्हणून बल्ब जागेवर ठेवून, ब्रेक दाबलेला असताना मोजा. मीटरचं एक टोक बल्बच्या धातूच्या अंगाला, दुसरं बॅटरीच्या मायनसला किंवा स्वच्छ पत्र्याला. चांगली अर्थ असेल तर जवळजवळ शून्य दिसतं, फार तर दोन-तीन दशांश. तिथे पाच-सात व्होल्ट दिसले तर परतीची वाट अडलेली आहे.

मी त्या मुलाला हे सांगितलं. त्याने वायरने प्रयोग केला, लाइट लागला. मग डिकीतलं आतलं प्लास्टिकचं आवरण काढलं आणि मला फोटो पाठवला. बोल्टभोवती वाळलेल्या चिखलाचा थर, त्याखाली गंज, आणि वायरच्या टोकाची कडी निम्मी खाल्लेली. मी विचारलं, गाडी पुरात होती का? तर त्याने आधीच्या मालकाला फोन केला. जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा गाडी दोन दिवस पाण्यात होती. विकताना हे सांगितलं नव्हतं.

नवा होल्डर चार दिवस का चालला, तेही यातून कळतं. होल्डर बदलताना ती वायर हलली, गंजातून क्षणभर कॉन्टॅक्ट मिळाला, घाटातल्या खड्ड्यांनी तो परत सोडवला. गॅरेजवाल्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याने लाइट लागलेला पाहिला आणि गाडी सोडली. जे दिसतं ते दुरुस्त केलं, एवढंच.

दुरुस्ती काय? बोल्ट काढायचा, खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासायचा, वायरचं खराब टोक कापून नवी कडी दाबून बसवायची, घट्ट कसायचं, आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवायचा, म्हणजे ओल लागत नाही. कापलेल्या टोकात तांबं काळं दिसलं तर आणखी थोडं कापा. पुराचं पाणी आवरणाच्या आतून तारेवर वर चढलेलं असतं, ते काळं तांबं कितीही दाबलं तरी कॉन्टॅक्ट देत नाही. लाल-पिवळं तांबं दिसेपर्यंत मागे जायचं. मुलाला सगळ्याला दीड तास लागला.

कोकणातल्या आणि सह्याद्रीच्या माथ्यावरच्या मंडळींनी तर पूर आला नसला तरी पावसाळ्याआधी हा बोल्ट एकदा बघावा. डब्याचं रबर कडक झालं की पाणी हळूहळू आत झिरपतंच.

उरलेले दोन संशयित

डिकीच्या बिजागरीपाशी वायरिंग रबराच्या नळीतून जातं. डिकी हजारो वेळा उघड-बंद होते, आणि तारा आतल्या आत तुटतात. डिकी अर्धी उघडून, ब्रेक दाबलेला ठेवून ती नळी हलवा. लाइट लुकलुकला तर सापडलं.

आणि दुसरं, आधीच्या मालकाचे शौक. मागच्या काचेत 'साई' लिहिलेली एलईडी पट्टी, ब्रेकबरोबर पळणारे लाइट, हे सगळं ब्रेकच्या वायरला चिरा पाडून जोडलेलं असतं आणि वर इन्सुलेशन टेप. पाच वर्षांत टेपचा गोंद वितळतो. असा जोड दिसला की मी तो तोडते. देवावर श्रद्धा राहू दे, पण वेगळ्या फ्यूजवर.

एलईडी बल्ब टाकू का, असं बरेच जण विचारतात. एलईडी साध्या बल्बपेक्षा लवकर पेटतो, साध्याची तार तापून पूर्ण उजळायला सेकंदाचा पाचवा भाग जातो. हा खरा फायदा आहे. पण स्वस्तातल्या एलईडीत पार्किंगच्या आणि ब्रेकच्या उजेडात फरकच फार थोडा असतो, आणि मागच्याला फरकच तर दिसायला हवा. घेतलात तर रात्री दोन्ही चालू करून दहा पावलं मागे जाऊन बघा. आणि लाल काचेवर ती काळी फिल्म लावणाऱ्यांशी माझं भांडण आहे, त्यावर वेगळा भाग करेन.

घाटात असताना लक्षात आलं तर

समजा रस्त्यातच कळलं. फ्यूज उडालाय आणि जादा नाही, तर म्युझिक सिस्टिमचा त्याच नंबरचा फ्यूज काढून तिथे टाका, गाणी नंतर ऐका. बल्ब गेलाय तर पुढच्या गावापर्यंत अंतर ठेवून, अचानक ब्रेक न मारता जा, आणि दिवसा असाल तर हात बाहेर काढून तळवा खाली करून वर-खाली हलवा. हा 'मी वेग कमी करतोय' हा अधिकृत इशारा आहे, नव्या ड्रायव्हरांनी लायसनसाठी पाठ करून विसरलेला.

लाइट चांगला असला तरी घाटाची एक गोष्ट: दुसऱ्या गिअरमध्ये उतरताना गाडी इंजिननेच हळू होते, पाय ब्रेकवर नसतो, म्हणजे लाइटही नसतो. मागे ट्रक असेल तर वळणाआधी पेडलला दोनदा हलकासा स्पर्श करा. ब्रेक लागायला नको, लाइट लागला पाहिजे एवढाच.

इलेक्ट्रिशियनकडे गेलात तर

"बल्ब बदला" म्हणू नका. तो बल्ब बदलेल, चूक त्याची नाही. लक्षण सांगा: "ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर पेटतो. बल्ब अदलाबदल करून बघितले, दोष तिथेच राहिला. गाडी पुरात होती. अर्थचा बोल्ट बघता का?" आणि तो व्हिडिओ दाखवा. चांगला वायरमन व्हिडिओ बघूनच हसेल आणि सरळ डिकीकडे जाईल. होल्डर किंवा बल्ब बदललाच तर जुना मागून घ्या. आणि गाडी ताब्यात घेण्याआधी पार्किंग लावून, दोन्ही इंडिकेटर लावून, प्रत्येकाबरोबर ब्रेक दाबून बघा, नुसता ब्रेक नाही.

गेल्या गुरुवारी त्या मुलाने कराडहून परतताना मेसेज टाकला, सोबत आईने काढलेला व्हिडिओ. थोडा हललेला आहे, अर्ध्या फ्रेममध्ये बोट आलंय, पण दोन्ही लाल दिवे सारखे दिसतायत आणि इंडिकेटर गप्प आहे.

तुमच्या गाडीचा व्हिडिओ काढलात आणि त्यात काही विचित्र दिसलं तर पाठवा. सोबत गाडीचं वय आणि ती कुठल्या भागात वापरली गेली तेवढं लिहा, नंबर प्लेट झाकून. पुढच्या भागात हेडलाइट: एकीकडे पिवळा, एकीकडे पांढरा का दिसतो ते. भेटू.